एक, एक, दोन

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी जेवताना रोज फोनवर एक कोडं सोडवतो. आडवे तीन अमेरिकन बेसबॉल संघ, उभे तीन. जिथे दोन संघ एकमेकांना भेटतात त्या चौकोनात अशा खेळाडूचं नाव घालायचं, जो त्या दोन्ही संघांकडून खेळलेला आहे. ह्या गृहस्थाने आयुष्यात बेसबॉलचा चेंडू हातात धरलेला नाही, पण दहीभात कालवता कालवता सटासट नावं भरतो. एकदा मला म्हणाला, "तू तर खरंच खेळतोस. तुझ्या दोन संघांचा चौकोन असेल तर त्यात कोण?"

"दोघं," मी म्हणालो. "एक मी."

"आणि दुसरा?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि मीटिंग आहे म्हणून उठलो. मीटिंग-बिटिंग काही नव्हती.

माझा पहिला संघ तापीकाठच्या तालुक्याच्या गावातला. बेसबॉल म्हटलं की पुण्या-मुंबईच्या लोकांना हसू येतं. हसा बापडे. आमच्या शाळेच्या मैदानावर दुसरं काही चालायचंच नाही, आणि ह्याचं सगळं श्रेय म्हणा, पाप म्हणा, आमच्या खेळाच्या सरांचं. सरांचा मुलगा संघाचा कॅचर होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नोकरीसाठी तो चेन्नईला गेला तेव्हा त्याची जागा मला मिळाली. तेव्हापासून माझं आयुष्य त्याच्या मागून मागून चाललंय, हे मला फार उशिरा कळलं.

कॅचरचं काम थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो आणि मांड्यांच्या मध्ये बोटं धरून चेंडू टाकणाऱ्या पिचरला खूण करतो. एक बोट म्हणजे सरळ, जोरदार चेंडू. दोन बोटं म्हणजे वळून खाली उतरणारा. पिचर तसा टाकतो आणि कॅचर तशी तयारी ठेवतो. पण समोरच्या संघाचा धावणारा, म्हणजे रनर, पिचरच्या पाठीमागच्या सेकंड बेसवर असला की त्याला तिथून ही बोटं दिसतात. मग लागोपाठ तीन खुणा द्यायच्या, त्यातली एकच खरी, बाकीच्या दोन फसव्या. खरी कितवी, हा प्रत्येक संघाचा घरचा नियम. आमच्या सरांचा नियम असा, की जितके आउट झालेत त्यात एक मिळवायचा. एकही आउट नसेल तर पहिली खूण खरी, एक आउट असेल तर दुसरी, दोन आउट असतील तर तिसरी.

हा नियम सरांनी आमच्या हाडांत भरला. एसटीत, प्रार्थनेच्या रांगेत, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत जिलबी तोंडात असतानासुद्धा मागून आवाज यायचा, "दोन आउट, सेकंडला रनर, वळणारा पाहिजे!" आणि आमची बोटं मांडीवर चालू व्हायची. "डोकं घाबरतं रे," सर म्हणायचे. "बोट घाबरत नाही. बोटाला शिकवा." आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो, पण बोटं शिकली.

चेन्नईला गेल्यावर तीन वर्षांनी सरांचा मुलगा वारला. आवडी नावाच्या तिथल्या उपनगरातल्या मैदानावर, रविवारी सकाळी, चालू सामन्यात. वळणाऱ्या चेंडूसाठी तो खाली झुकला होता आणि आला सरळ. छातीवरच्या पॅडच्या वर, गळ्याशी बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. निरोपाबरोबर एक वाक्यही गावात पोचलं. पिचर म्हणाला होता, त्याने सरळ मागितला, मी सरळ टाकला. म्हणजे सरांच्या मुलाचीच खूण चुकली. लोक काय, तोंडावर हळहळायचे आणि पारावर जाऊन म्हणायचे, "बापाने एवढं घोकून घेतलं, आणि ऐन वेळी पोरगं चुकलंच की." सरांनी त्या दिवसापासून मैदानात पाय ठेवला नाही.

सहा वर्षांनी मला चेन्नईत गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी लागली. पेढे घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला, आत गेले आणि मुलाचा ग्लव्ह आणून माझ्या मांडीवर ठेवला.

"तिथे जाऊन खेळ," म्हणाले. "आणि मला एवढंच सांग, तो चुकला का."

"सर, इतक्या वर्षांनी मला कसं कळणार?"

"दोन्हीकडून खेळलेल्यालाच कळेल. तसा दुसरा कोण आहे?"

ग्लव्ह घेतला. तो इतकी वर्षं बंद असूनही आतून ओलसर होता. पाऊसपाण्यामुळे असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

आम्ही वेलचेरीला भाड्याने राहतो, मी आणि बायको. तिथून आवडी म्हणजे शहराचं दुसरं टोक. दोन गाड्या बदलायच्या, वर शेअर ऑटो. पहिल्या रविवारी पोचेपर्यंत शर्ट घामाने अंगाला चिकटला होता आणि चेन्नईला मनसोक्त शिव्या घालून झाल्या होत्या. कारखान्याच्या क्वार्टर्सच्या मागे कडुनिंबांच्या रांगेत मैदान. पंधरावीस जण अंग मोकळं करत होते, बहुतेक कारखान्यातले, काही कॉलेजची मुलं. मी कॅचर आहे म्हटल्यावर पन्नाशीचा एक उंच माणूस पिचरच्या जागेवर गेला. सगळे त्याला अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी ग्लव्ह चढवला आणि त्याने पहिला चेंडू टाकला.

प्रत्येक ग्लव्हचा आपला एक आवाज असतो. ह्याचा खोल, लाकडी पेटीवर थाप मारल्यासारखा. तो आवाज झाला आणि मैदानातली सगळी हालचाल थांबली. धावणारे थांबले. पाणी पिणाऱ्याने बाटली तोंडापासून खाली घेतली. अण्णांनी ग्लव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत ग्लव्हकडे. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. अरे गाढवा, मी स्वतःला म्हटलं, मेलेल्या माणसाचा ग्लव्ह घालून त्याच मैदानावर येतात का? पण सरांनी दिला होता, आणि सरांचं ऐकायची मला सवय होती.

सीमेबाहेर छत्रीखाली एक म्हातारे गृहस्थ घडीच्या स्टुलावर वही घेऊन बसले होते. संघाचे स्कोअरर. घराणं तंजावरकडचं मराठी, राहायला अड्यारला, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त. चार पिढ्यांपूर्वीचं मराठी बोलतात आणि मध्येच तमिळमध्ये घसरतात. मी नमस्कार करायला गेलो तर चष्मा वर करून म्हणाले, "कां रे, परत आलास?"

मी ग्लव्ह पाठीमागे धरला.

"मी नवीन आहे, काका."

"हो, हो. उन्हाने डोळे फसतात." त्यांनी माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "पण तूं त्याच्याचपरी बसूलालास. तो डावा पाय इवलासा पुढें."

खरंच, मघाशी मी बसलो होतो तिथे, होम प्लेट म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या मागे, मातीत दोन खळगे होते आणि माझे बूट त्यात बरोबर बसले होते. मधल्या सहा वर्षांत पाच कॅचर येऊन गेले, काका म्हणाले, पण त्या खळग्यांत कुणाचा पाय बसला नाही. जो तो बाजूला सरकून बसायचा. कारण साधं आहे, मी मनाशी म्हटलं. दोघांना एकाच माणसाने बसायला शिकवलंय. कारण साधं असलं तरी पुढच्या रविवारी मी मुद्दाम वीतभर बाजूला बसलो. दुसऱ्या डावात खाली पाहिलं तर पाय खळग्यांतच होते.

आवडीच्या संघाचा घरचा नियम मला अण्णांनी पहिल्याच आठवड्यात सांगितला. आमची भाषा म्हणजे अर्धी तमिळ, अर्धी इंग्रजी आणि उरलेले हातवारे; मला ते तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. तीन खुणांत दुसरी खरी. आउट कितीही असोत, दुसरीच.

कुणालाही येईल ती शंका मलाही आली. दोन आउट असताना सरांचा नियम तिसरी खूण मोजतो आणि ह्यांचा दुसरी. पण सरांचा मुलगा इथे तब्बल तीन वर्षं खेळला होता. मला स्वतःला नवा नियम महिनाभरात अंगवळणी पडला, मग तो तर माझ्याहून दसपट हुशार. खरं काय ते ठरवायला त्याने त्या दिवशी कुठल्या तीन खुणा दाखवल्या हे कळायला हवं होतं, आणि ते पाहणारा माणूस एकच, त्या दिवशीही पिचर असलेले अण्णा. एकदा मी धीर करून त्यांना विचारलं. ते बुटाची नाडी बांधत होते. नाडी अर्धी सोडून उठले आणि निघून गेले, सायकलसुद्धा तिथेच राहिली.

मग काकांना विचारलं. त्यांनी पिशवीतून जुनी वही काढून त्या सकाळचं पान उघडलं. प्रत्येक फलंदाजासाठी एक चौकोन असतो. ओळीने भरलेले चौकोन, आणि शेवटचा अर्धा. शेवटचा डाव, दोन आउट, रनर सेकंडवर. पुढे कोरं पान.

"हें मी पुरें करूं शकत नाहीं," काका म्हणाले. "पुढें काय झालें तें खेळांत मोडत नाहीं."

दर रविवारी संध्याकाळी सरांचा फोन यायचा. कसा झाला सामना, किती हरलात, जेवणाचं काय, सांबाराला वैतागलास का. मग जरा थांबायचे. मी "अजून काही कळलं नाही, सर" म्हणायचो, आणि ते "बरं, बरं, घाई नाही" म्हणून फोन ठेवायचे. सत्तरीच्या माणसाने "घाई नाही" म्हणावं आणि आपण ते ऐकून घ्यावं, याच्यासारखी शिक्षा नाही.

एका शनिवारी आम्ही जेवायला बसलो होतो. बायको तिच्या ऑफिसातलं काहीतरी रंगवून सांगत होती आणि मध्येच थांबली.

"कुणाला खुणा करतोयस रे?"

"मी?"

"मग काय मी? गेले दोन महिने बघतेय. जेवताना, टीव्ही बघताना, परवा तर वेलचेरी स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत. पुढची बाई मागे वळून बघत होती तुझ्याकडे. एखाद दिवस मार खाशील." तिने माझ्या ताटाशेजारी आपला हात ठेवला आणि नक्कल केली. एक बोट. एक बोट. दोन बोटं.

"नेहमी हेच?"

"नेहमी हेच."

तिला हसत म्हटलं, जुनी सवय, दुसरं काय. पण सरांच्या सगळ्या घोकंपट्टीत तीन खुणांचे आठ मेळ होते. माझी बोटं हाच एक का धरून बसली होती, ते मला सांगता येईना. त्यानंतर मी घरात उजवा हात मुठीत ठेवू लागलो. मूठ उघडली की बोटं सुरू. माझाच हात, पण मला त्याची भीती वाटू लागली होती, हे कबूल करायला आता लाज नाही.

त्या रविवारी ऊन सकाळी आठलाच डोक्यावर चढलं. समोर एका कॉलेजचा संघ होता. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, दोन जण आउट झाले होते आणि त्यांचा एक रनर सेकंडवर पोचला. ही वेळ प्रत्येक दुसऱ्या सामन्यात येते, त्यात विशेष काही नाही. पण मी सहज बाहेर पाहिलं तर छत्रीखाली काका उभे राहिले होते. हे गृहस्थ राष्ट्रगीताशिवाय स्टुलावरून उठत नाहीत.

फलंदाज धिप्पाड होता. सरळ चेंडू त्याने आधी दोनदा लांब मारला होता. वळणारा हवा, एवढंच डोक्यात होतं. मी उकिडवा बसलो, खुणा केल्या, आणि वळून खाली येणारा चेंडू धरायला डाव्या बाजूला खाली झुकलो.

अण्णांनी टाकला नाही.

ते तसेच उभे. रनर ओरडला, पंच ओरडला. अण्णा जागा सोडून चालत माझ्याकडे येऊ लागले. इतक्या उन्हात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. जवळ येऊन त्यांनी विचारलं, "तंबी, तुला कुठला हवाय?"

"वळणारा."

"तू सरळ मागितलास."

"छे! मी दोन..."

"तू एक, एक, दोन दाखवलंस. दुसरी खूण एक. म्हणजे सरळ." त्यांनी चेंडू ग्लव्हमध्ये ठेवला. "त्यानेही हेच दाखवलं होतं. एक, एक, दोन. आणि असाच खाली झुकला होता. मी बघत होतो, हा झुकतोय का? पण मी हात सोडला. सहा वर्षं झाली, तंबी. रोज वाटतं की मीच चुकीचं वाचलं. आज तू दाखवलंस तेव्हा कळेना, तिथे कोण बसलंय."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. दोन बोटं अजून बाहेर होती. दोन आउट, म्हणून तिसरी खूण. तिसरी खूण दोन, म्हणजे वळणारा. सरांच्या नियमाने अगदी बिनचूक. डोकं घाबरलं होतं आणि बोटांना जे शिकवलं होतं ते बोटांनी केलं होतं. अण्णांनी आवडीच्या नियमाने चेंडू सोडला असता, तर तो आत्ता माझ्या गळ्याशी बसला असता.

तिथेच, होम प्लेटवर, मी त्यांना आमच्या गावचा नियम सांगितला. बोटांनी, आउट मोजून, दोनदा. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. ते मातीत खाली बसले आणि टोपीने तोंड झाकून रडले. पन्नाशीचा माणूस, सगळा संघ बघत असताना.

"म्हणजे तो चुकला नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, अण्णा. आणि तुम्हीही नाही."

सामन्याचं काय झालं ते आठवत नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? हरलो. जाताना काकांनी मला जुनी वही दाखवली. तो अर्धा चौकोन तसाच होता. "राहूं दे आतां," म्हणाले आणि वही पिशवीत घातली.

परतीच्या गाडीत मी वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. एका माणसाचं ओझं उतरवून ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला निघालोय, एवढं मला कळत होतं. गोलगोल काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण ते पारावरचं बोलणं आठवलं, ऐन वेळी पोरगं चुकलंच की. संध्याकाळी फोन वाजला. जेवणाचं, सांबाराचं झालं. मग सर थांबले.

"सर," मी म्हणालो, "तो चुकला नाही."

पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला, लांब, बऱ्याच वर्षांनी सोडल्यासारखा. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "माझं पोरगं चुकणार नाही. मला माहीतच होतं." आवाज इतका हलका झाला होता की मला वाटलं, झालं, आता इथेच फोन ठेवावा.

"मग तो पिचर चुकला?"

"नाही, सर. तोही नाही."

हा माणूस आयुष्यभर आउट मोजून खुणा लावत आलेला. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"तिथे खरी खूण कितवी असते रे?"

"दुसरी, सर. नेहमी दुसरी."

"आणि तेव्हा आउट दोन होते."

"हो."

"तीन वर्षं त्यांच्या नियमाने खेळला," सर सावकाश म्हणाले. "आणि शेवटच्या वेळी माझं ऐकलं."

स्वयंपाकघरात बायकोने कुकर बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. मग सर बोलले, वर्गात दरडावायचे तसे, पण आवाज फुटत होता.

"तू तरी माझं ऐकू नकोस. समजलं? सगळं विसर."

"हो, सर. विसरतो," मी म्हणालो.

बायको माझ्या मांडीकडे बघत होती. ती जवळ आली, शेजारी बसली आणि तिने माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबून धरला. तिच्या मुठीत माझी बोटं चालूच होती.